बलेनोला 15 काढून 17 इंची चाकं घालावीत का? रस्ता वाळपई ते पणजी

सत्तरीवाली:

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला पेट्रोल, पाणी आणि हवा एवढंच कळतं. प्रश्न बाळबोध वाटला तर हसा, पण हसून झाल्यावर उत्तर द्या.

गाडी 2019ची बलेनो डेल्टा, पेट्रोल, 71 हजार किलोमीटर झालेली. टायर 185/65 आर15, साध्या लोखंडी रिम, वर प्लॅस्टिकची व्हीलकव्हरं. चारातलं एक गेल्या जुलैत होंड्याच्या पुढे उडून शेतात गेलं, यंदा तिथे त्याचं पीक आलं असेल. टायरचा हा दुसरा सेट आणि तोही गोटा होत आलाय. चवथीपूर्वी (गणेशचतुर्थीपूर्वी) बदलायचे हे घरात ठरलंय. वाद त्याच्या पुढचा आहे.

माझा भाचा फर्मागुडीला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, पैसे घालायचेच तर 17 इंची काळे अलॉय घाल आणि त्यावर 205/45 टायर. म्हापशात एका दुकानातून भाव काढूनसुद्धा आला: अलॉय, टायर, बसवणं सगळं मिळून 76 हजार, आपले जुने त्यांना देऊन. आहेत त्याच मापाचे नुसते चार टायर घेतले तर 22 हजारांत भागतं. मधले 54 हजार कशाचे, असं विचारलं तर तीन उत्तरं मिळाली. एक, रस्त्यावर पकड वाढते. दोन, गाडी गाडीसारखी दिसते. तीन, मोठं चाक खड्ड्यात कमी जातं. "मावशी, बैलगाडीचं चाक बघ आणि लहान पोरांच्या सायकलचं बघ. खड्ड्यात कुठलं अडकतं?" पहिल्या दोन उत्तरांवर मी भांडले. तिसऱ्यापुढे गप्प झाले, कारण ते मला पटलं.

माझा रोजचा रस्ता वाळपई, होंडा, साखळी, आमोणा पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे, पणजी. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. सगळाच रस्ता वाईट असं म्हणणार नाही. पण कुठे ना कुठे पाइपसाठी चर खणलेला असतो, वर माती लोटलेली असते आणि ती पहिल्या पावसात बसते. माशेलचा चिखलकाला आषाढात एक दिवस असतो, आमच्या तिठ्यावर तो चार महिने चालतो. शिवाय महिन्यातून दोनदा सासऱ्यांना बांबोळीला इस्पितळात न्यावं लागतं. वय 79, मणक्याचं दुखणं. गाडी आदळली की ते काही बोलत नाहीत, फक्त दरवाजावरची मूठ घट्ट धरतात. ते मला आरशात दिसतं.

तर 17 घालावे का? ॲव्हरेज किती पडेल (आता 17-18 मिळतं)? आणि आरटीओचं काही लफडं होतं का? भाच्याला हा धागा वाचायला देणार आहे, तेव्हा जरा सांभाळून लिहा. किंवा नका सांभाळू.

म्हापशाचा_सतरा:

भाच्याची बाजू घेणारा इथे मी एकटाच असणार, म्हणून आधी लिहून टाकतो.

माझी स्विफ्ट 2018ची. टायर तुमच्याच मापाचे होते. तीन वर्षांपूर्वी हेच 205/45 आर17 घातले. फरक कुठे पडला म्हणाल तर स्टिअरिंगमध्ये. आधी गाडीला वळ म्हटलं की ती 'हं' म्हणायची आणि मग वळायची. आता 'हं' नाही. टायरची बाजू आखूड असल्यामुळे वळणात ती आडवी लवत नाही, हात फिरवला की नाक फिरतं. मोपाचा नवा रस्ता, अटल सेतू, झुआरीचा नवा पूल अशा ठिकाणी पहाटे एकट्याने गाडी चालवावी. रुळावरून गेल्यासारखी जाते. भाचा जे म्हणतोय ते खोटं नाही, एवढं त्याला सांगा.

आता बिल तुम्ही भरणार म्हणून दुसरी बाजूही सांगतो. तीन पावसाळ्यांत दोन टायरना टेंगूळ आलं आणि एक रिम वाकली. दुसरं टेंगूळ कोलवाळच्या पुलाअलीकडे आलं. रात्र, पाऊस, समोरच्याचा लाइट डोळ्यांवर, खड्डा दिसलाच नाही. नुसता 'ठक्' असा आवाज आला. रबराचा नाही, धातूचा. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. आता मी वर्षाला एक टायर धरूनच चालतो, जसा चवथीला माटोळीचा (गणपतीवरच्या फळापानांच्या सजावटीचा) खर्च धरतो.

आई माझ्या गाडीत मागे बसत नाही. पुढेही कुरकुरतच बसते. गाडीतून उतरताना दार उघडून आधी पाय मोजते आणि दोन्ही आहेत म्हणते.

तरी काढणार नाही. गाडी लावून चार पावलं गेल्यावर मी अजून मागे वळून बघतो. बैलगाडीच्या मुद्द्याचं मात्र मला उत्तर येत नाही. माझा अनुभव उलटा आहे, एवढंच.

फोंड्याचा_टायरवाला:

ताई, लांब लिहिणार आहे. फोंड्यात माझं टायरचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. आज उघडीप आहे, गिऱ्हाईक कमी, म्हणून बसलोय.

आधी बैलगाडी. भाच्याचा नियम बरोबर आहे, त्याने गाडी चुकीची पकडली. बैलगाडीचं चाक बाहेरून मोठं असतं म्हणून ते खड्ड्यावरून जातं. तुमचं चाक बाहेरून मोठं होणारच नाही. फेंडरमध्ये जागा तेवढीच, स्पीडोमीटरचा हिशोब तेवढाच, म्हणून रिम वाढवली की टायर पातळ करावा लागतो. भाचा इंजिनियर होतोय ना, त्याला गणित घालू या. 185/65 म्हणजे रुंदी 185 मिमी आणि बाजूची उंची त्याच्या 65 टक्के, म्हणजे 120 मिमी. 15 इंच म्हणजे 381 मिमी. त्यात वर आणि खाली 120-120 मिळवा: चाकाचा पूर्ण व्यास 621 मिमी. आता त्याचं 205/45 आर17. बाजूची उंची 92 मिमी. 17 इंच म्हणजे 432, अधिक दोनदा 92: 616 मिमी.

वाचलंत ना? त्याचं 'मोठं' चाक आहे त्यापेक्षा पाच मिमीने लहान आहे. खड्ड्यात ते तुमच्या जुन्या चाकाइतकंच जाणार, केसभर जास्तच. फक्त आत गेल्यावर खड्ड्याची कड आणि धातू यांच्यामध्ये 120ऐवजी 92 मिमी रबर असणार. त्यातलंही थोडं रिमच्या ओठामागे लपतं आणि थोडं गाडीच्या वजनाने आधीच दबलेलं असतं. उरतं किती? सगळा प्रश्न तेवढ्या उरलेल्या रबराचा आहे. इंचांचा नाहीच.

नव्या गिऱ्हाइकाला मी जुनी उदाहरणं देतो. अँबेसिडरची रिमसुद्धा 15 इंचीच होती, टायर 5.90-15. ती गाडी खाणीच्या रस्त्यावर चालायची, कुणाला टेंगूळ माहीत नव्हतं. मारुती 800ला 12 इंच. उलट आजच्या क्रेटाच्या वरच्या मॉडेलला कंपनीच 17 देते, पण टायर 215/60, म्हणजे बाजूला 129 मिमी. तुमच्या 15 इंचीपेक्षा जास्त रबर! तेव्हा '17 वाईट' असं मी म्हणणार नाही. बलेनोत 17 घालायला जागा रबराच्या वाट्यातून जाते, म्हणून वाईट.

टेंगूळ कसं येतं तेही सांगतो, कारण लोक टायर कंपनीला शिव्या घालत येतात. टायरच्या बाजूच्या आत दोऱ्यांचे पदर असतात. चाक खड्ड्याच्या पलीकडच्या कडेवर आदळलं की बाजू रिम आणि कड यांच्यात चिमटली जाते आणि दोरे तुटतात. वरून रबर शाबूत दिसतं. मग आतली हवा तिथून बाहेर ढकलते, फुगा येतो. त्याला दुरुस्ती नाही. पॅच मारून देणारे आहेत, मी देत नाही. आपल्याकडे अजून एक गोष्ट, जी घाटावरच्या लोकांना सांगून कळत नाही: पावसात साइडपट्टीची माती वाहून जाते आणि डांबराची कड वीतभर उघडी पडते, काही ठिकाणी खाली जांभा दिसतो. समोरून बस आली की तुम्ही डावीकडचं चाक खाली उतरवता आणि परत वर चढवता. टायर त्या कडेवर आडवा घासतो. खड्डा तरी दिसतो, ही कड पाण्याखाली दिसतच नाही.

वजनाचं बघू. अलॉय म्हणजे हलकं, हे लोकांच्या डोक्यात घट्ट बसलंय. कंपनीचा त्याच मापाचा अलॉय बऱ्याचदा थोडा हलका असतो, खरं आहे. पण बाजारातला ओतीव 17 इंची उचलून बघा. दुकानातल्या काट्यावर मी एकदा ठेवलं होतं: बलेनोची लोखंडी 15 टायरसकट साडेपंधरा किलो, गिऱ्हाइकाची 17 टायरसकट एकोणीसच्या आसपास. हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं आणि फिरतंही. प्रत्येक सिग्नलवर ते पुन्हा फिरवायचं, पुन्हा थांबवायचं. ब्रेकची डिस्क जुनीच, ती काही मोठी झाली नाही. मोठ्या रिममध्ये मोठी डिस्क बसते हा कंपनीच्या अभियंत्याचा फायदा, तो तुम्हाला दुकानात मिळत नाही. शॉक ॲब्झॉर्बर, लोअर आर्मचे बुश, बेअरिंग सगळ्यांना जास्त मार. ॲव्हरेज साधारण एकाने पडेल असं धरा, शहरात जास्त.

पकड वाढते का? कोरड्यात, होय. रुंद टायर, ताठ बाजू. म्हापशावाले दादा बरोबर सांगतात. पावसात उलटा हिशोब. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो पाण्यावर लवकर तरंगतो. आपल्याकडे वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तुमच्यासाठी नक्षीची खोली रुंदीपेक्षा मोलाची. टायरच्या खाचेत 1.6 मिमीची खूण असते, तिथवर घासला की कायद्याने संपला. पण सत्तरीत राहून तिथवर थांबू नका, तीन मिमी उरले की बदला.

आता दुकानात ज्या गोष्टी सांगत नाहीत त्या. टायरवर शेवटी 88एच असं काही लिहिलेलं असतं. 88 म्हणजे एका टायरला 560 किलो भार पेलतो. 205/45 आर17 साध्या बांधणीत 84 येतो, म्हणजे 500 किलो. एक्स्ट्रा लोडवाला घेतला तर 88 मिळतो, पण मग हवा जास्त भरावी लागते, म्हणजे गाडी अजून कडक. दुसरं, मधलं भोक. सुझुकीचं हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्याचं, माप 54.1 मिमी. बाजारातल्या अलॉयचं भोक मोठं ठेवतात, सगळ्या गाड्यांना बसावं म्हणून. मध्ये रिंग घालावी लागते. ती विसरले तर 80-90वर स्टिअरिंग थरथरतं आणि मग गिऱ्हाईक तीनदा बॅलन्सिंग करून घेतं.

तुम्ही माझ्या दुकानात आला असतात तर मी 17 विकले असते का? मागितले असते तर विकले असते. सगळ्यात जास्त नफा त्यातच आहे, आणि जुलैत गिऱ्हाईक परत येतंच. पण इथे विचारलंत म्हणून: 15च ठेवा, चांगले टायर घ्या. फारच वाटलं तर कंपनीने याच बलेनोच्या वरच्या मॉडेलला दिलेलं 195/55 आर16. बाजू 107 मिमी, व्यास परत 621. त्यापुढे नको.

मोरजीचा_काळी_पाटी:

टायरवाल्या बाबांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त धंद्याचं सांगतो.

माझ्या सहा गाड्या भाड्याने जातात, काळी पाटी, पिवळी अक्षरं. गिऱ्हाईक कुठून कुठून येतं, गाडी त्याची नसते, खड्डा त्याच्या मालकीचा नसतो. गोव्यातल्या रेंट-अ-कारवाल्यांच्या गाड्या कधी निरखून बघा. लोखंडी रिम, उंच टायर, 14 नाहीतर 15. आम्हाला काय हौस नाही का? पण टायरचा हिशोब आमच्याइतका कोणी ठेवत नाही. सहापैकी एकच गाडी 16 इंची अलॉयची आहे, शोरूममधूनच तशी आली. पाच गाड्यांना मिळून जेवढा त्रास नाही तेवढा ती एकटी देते. पर्यटक गाडी लावताना चाक चिऱ्याच्या गडग्याला घासतो. लोखंडी असली तर व्हीलकव्हर खरवडतं, नवं आणलं की झालं. अलॉयवर ओरखडा कायमचा, आणि परत करताना तो म्हणतो, आधीच होता.

समुद्राजवळच्यांसाठी एक. खाऱ्या हवेत अलॉयच्या कडेला, जिथे टायर बसतो तिथे, पांढरी पूड धरते. मग हवा हळूहळू जाते. पंक्चर सापडत नाही, पाण्यात बुडवली तरी एखादा बुडबुडा येतो. टायर उतरवून कड घासून साफ करावी लागते. लोखंडी रिमही गंजतात म्हणा, पण त्या घासून रंग मारला की दोन वर्षं सुटका. वाळपईत हा ताप नसेल. तुमच्याकडे फक्त पाऊस.

आणि रिम वाकली तर लोखंडी हातोड्याने सरळ होते. अलॉय थोडी वाकते आणि मग तडकते. तडकलेली वेल्डिंग करून परत घालू नका, कितीही चांगली दिसली तरी.

पेडणे_ते_वेर्णा:

मी मधला माणूस. बलेनोच, डेल्टाच, 2020ची. दोन वर्षांपूर्वी झेटाचे (डेल्टाच्या वरच्या मॉडेलचे) कंपनीचे 16 इंची अलॉय जुन्या बाजारात मिळाले, चारांचे 14 हजार. 195/55 टायर नवे घातले. रोज पेडण्याहून वेर्ण्याला, त्यात पर्वरीचं उड्डाणपुलाचं काम, म्हणजे सगळे नमुने एका रस्त्यावर मिळतात.

मी डायरी ठेवतो (हसू नका, अकाउंट्समध्ये आहे). 15वर सहा महिन्यांची सरासरी 18.2, 16वर 17.6. स्टिअरिंग जरा बरं झालं, म्हापशाच्या सतराइतकं नाही. आवाज थोडा वाढला. स्पीड ब्रेकरवर बायकोला फरक कळला, मला नाही. दोन वर्षांत टेंगूळ शून्य. पण मी खड्ड्यांसमोर चोरासारखा जातो, हेही खरं. टायर महाग: 15चा साडेपाच हजारांत यायचा, 16ला पावणेसात मोजले. आणि 205/45 आर17चं सांगू का? माझ्या मित्राला एकच टायर हवा होता, पेडण्यात नाही, म्हापशात नाही, शेवटी बेळगावहून मागवला. चार दिवस गाडी उभी.

आरटीओचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा नाही, आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. रस्त्यावर चाकं कोण मोजतो, असं मित्र म्हणतात. रोज कोणी मोजत नाही. पण अपघात झाला की विम्याचा सर्वेअर मोजतो. त्याच मॉडेलला कंपनीने दिलेलं माप असेल तर बोलायला जागा राहते, म्हणून मी 16वर थांबलो. बाहेरचे अलॉय घालणार असाल तर विमा कंपनीला ॲक्सेसरी म्हणून कळवा, हप्ता थोडा वाढतो. आणि नुसत्या टायरचं नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत मिळत नाही. अपघातात गाडीलाही लागलं असेल तरच, आणि तेही निम्मं. खड्ड्यात फक्त टायर गेला तर तो आपला. त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

सत्तरीवाली:

देव बरें करूं सगळ्यांना. सगळं दोनदा वाचलं.

भाच्यालाही वाचायला दिलं. 621 आणि 616वर तो गप्प झाला, मग त्याने स्वतः आकडेमोड करून बघितली, मग म्हणाला, मग 205/60 आर16 घालू या, ते बाहेरूनही मोठं होतं. टायरवाले दादा, हे चालेल का? त्याने काढलेला व्यास 652 आहे. आणि बैलगाडीचा नियम मग लागू होतो, असं त्याचं म्हणणं.

फोंड्याचा_टायरवाला:

पोरगा हुशार आहे, हार मानत नाही. नियम लागू होतो, खरंच होतो. बाजू 123 मिमी, गाडी दीड सेंटिमीटर वर उचलली जाईल, खड्ड्यात थोडं बरं वाटेल.

पण चाक पाच टक्क्यांनी मोठं झालं. काटा 80 दाखवेल तेव्हा गाडी 84ने जात असेल. किलोमीटर कमी पडतील, म्हणजे त्याचं ॲव्हरेज कागदावर खराब दिसेल. प्रत्येक गिअर थोडा लांब होईल, चोर्ला घाटात दुसऱ्याऐवजी पहिला टाकावा लागेल. आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून, मागे तिघं बसवून खड्ड्यात गेलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासण्याची शक्यता आहे. दोन-तीन टक्क्यांपर्यंत मी चालवून घेतो, पाच नाही. शिवाय हे माप बलेनोला कंपनीने कधी दिलेलं नाही, पेडण्याच्या भाऊंनी सांगितलेलं कलम पुन्हा वाचा.

त्याला एक काम सांगा. शिवणकामाची टेप घेऊन तुमच्या गाडीचं आणि एखाद्या 17वाल्या गाडीचं, चाकाच्या अगदी खाली, रिमच्या ओठापासून जमिनीपर्यंतचं रबर मोजायचं. कागदावरचं गणित विसरतं, टेपवरचं विसरत नाही.

सत्तरीवाली:

बारा दिवसांनी लिहितेय, चवथ जवळ आली म्हणून उशीर.

टेप घेऊन गेलो. भाच्याच्या मित्राची गाडी 17वर आहे, साखळीच्या बसस्टँडजवळ उभी होती. दोघं पोरं चाकापाशी बसून मोजतायत आणि मी छत्री धरून उभी. पदेर (पाववाला) सायकलवरून जाताना थांबला, काही हरवलं का म्हणून विचारलं. माझ्या गाडीचं आठ सेंटिमीटर. मित्राच्या गाडीचं साडेपाच. अडीच सेंटिमीटर म्हणजे माझं अंगठ्याचं पेर. मित्राला विचारलं, टेंगूळ आलं होतं का. तो म्हणाला, "एकदाच." मग म्हणाला, "म्हणजे या वर्षी एकदा."

टायर फोंड्यातच घेतले, 185/65 आर15, चार. टायरवरचे बनवल्याच्या तारखेचे आकडे बघून घेतले, चारही एकाच आठवड्याचे निघाले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून साडेतेवीस हजार. परवा सासऱ्यांना बांबोळीला नेलं. बाणस्तारीच्या अलीकडे एक खड्डा चुकला नाही. आरशात बघितलं तर मूठ धरलेली होती, पण एकाच हाताने. दुसऱ्या हातात मोबाइल होता.

भाचा दोन दिवस बोलत नव्हता. काल आला आणि म्हणाला, निदान व्हीलकव्हरं तरी काळी घेऊ या, चारही सारखी होतील. घेऊ या म्हटलं. सेट आठशे रुपये.

म्हापशाचा_सतरा:

ती झिपटायने बांधा, एकेकाला दोन तरी. होंड्याच्या पुढे आमच्या मामाचंही शेत आहे, गेल्या महिन्यात त्याला तीन सापडली.